अट्ठेचाळीस किलोच्या आत

अकराव्या वर्षी माझं वजन बावन्न किलो होतं आणि माझ्या वडिलांचं एकावन्न.

हे मी खाली मान घालून सांगत नाहीये, एवढं आधीच सांगून ठेवते. पुष्कळ बायका म्हणतात, लहानपणी मी जरा गुटगुटीत होते. मी गुटगुटीत वगैरे काही नव्हते, मी जाड होते! शाळेचा गणवेश शिवायला गेलं की शिंपीकाका माझ्या कमरेभोवती मापाची पट्टी फिरवायचे आणि मग आईकडे बघून विचारायचे, "ताई, कापड किती मीटर आणलंय?" आई म्हणायची, दुकानात होतं तेवढं.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. आप्पा, म्हणजे माझे वडील, पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये फोल्डिंग खात्यात सुपरवायझर होते आणि बमरोली रोडवरच्या एका तीन मजली बिल्डिंगमध्ये आम्ही अगदी वर राहायचो. प्लेग येऊन गेल्याला दोनेक वर्षं झाली होती, सुरत झाडूनपुसून लख्ख झाली होती आणि लोक पुन्हा मन लावून खायला लागले होते. सुरतचं जेवण आणि काशीचं मरण, असं इथे म्हणतात. मरणाचं पुढे बघू म्हटलं, पण जेवणाचं मी मनावर घेतलं होतं. त्यातून खान्देशी माणसाला वाढताना 'पुरे' हा शब्द ऐकू येत नाही आणि सुरती माणसाला खाताना तो सुचत नाही. मी जन्माने खान्देशी आणि वाढले सुरतेत, तेव्हा माझ्याकडून वेगळी अपेक्षा ठेवणाऱ्यांचंच चुकलं.

पण जाड म्हणजे मऊ नव्हे, बरं का! मी कबड्डी खेळायची. आमच्या मराठी शाळेत खेळाला पाटील सर होते, ते मला 'खुंटा' म्हणायचे, कारण चढाईला आलेल्या मुलीचा पाय एकदा माझ्या हातात सापडला की ती पुढे सरकायची नाही. मी गणितात कच्ची होते, गाण्यात बेसूर होते आणि गॅदरिंगला मला कायम पडदा ओढायला ठेवायचे. ("हिच्या हाताला जोर आहे," असं बाई कौतुकाने सांगायच्या.) कबड्डीच्या मैदानावर मात्र पोरी माझं नाव घेऊन ओरडायच्या. शाळेत आठवडाभरात मला बरं वाटेल अशी तेवढीच एक तासिका असायची.

त्या वर्षी शाळांच्या स्पर्धेत पहिल्यांदाच लहान मुलींचा गट निघाला. सरांनी संघ निवडला, डावा कोपरा मला दिला. मी घरी जाऊन सांगितलं, खाली जाऊन सांगितलं, रस्त्यावरच्या भाजीवाल्यालाही सांगितलं. आणि चार दिवसांनी नियमांचा कागद आला. लहान गट, वजन अट्ठेचाळीस किलोच्या आत.

सरांनी मला ऑफिसातल्या काट्यावर उभं केलं, काट्याकडे बघितलं, मग कागदाकडे बघितलं.

"वैशाली, चार किलो. दोन महिने आहेत. जमेल?"

"जमेल सर," मी म्हणाले. त्यांनी चाळीस किलो म्हटलं असतं तरी मी हेच म्हणाले असते. मला तो कोपरा हवा होता. त्या वयात मला दुसरं काहीही एवढं हवं नव्हतं, आणि तो कोपरा दुसऱ्या कुणाला, त्यातही त्या काडीसारख्या मनीषाला गेला असता तर मी शाळाच सोडली असती.

आप्पांनी प्रकरण हातात घेतलं. आप्पा मिलमधला माणूस, त्यामुळे वरून ऑर्डर आल्याशिवाय काही करायचं नाही आणि ऑर्डर आली की त्यात धाग्याएवढाही फरक करायचा नाही. ते मला उधन्याला डॉक्टर देसायांकडे घेऊन गेले. देसाई पक्के सुरती. त्यांनी माझी उंची मोजली, पोटाचा घेर मोजला आणि मग खणातून एक चिमटा काढून माझ्या दंडाला, पाठीला, पोटाला लावला. आप्पांनी विचारलं हे काय, तर म्हणाले, "वजन एकलुं नी जोवाय." नुसतं वजन बघून चालत नाही, त्यात हाड किती, मांस किती, चरबी किती हे बघावं लागतं. मग त्यांनी जाहीर केलं की हाड मोठं आहे, मांस चांगलं आहे आणि चरबीचीही काही टंचाई नाही.

मग ऑर्डर निघाली. तळलेलं बंद, गोड बंद, भाकरी मोजून. पोरीला हिंडू-फिरू द्या, जिने चढू द्या. जे खाईल ते वहीत लिहा. आणि शेवटची अट सांगताना त्यांनी आप्पांकडे बोट केलं, "एकली छोकरीने नी, आखा घरे पाळवानुं." म्हणजे पथ्य एकट्या पोरीला नाही, अख्ख्या घराने पाळायचं.

एकावन्न किलोचे आप्पा तिथल्या तिथे हो म्हणाले. (आईचं वजन कुणी विचारलं नाही. विचारायची कुणाची छातीच नव्हती.)

दुसऱ्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरातून कढई हद्दपार झाली. डॉक्टरांचा कागद गॅसच्या वर भिंतीला चिकटवला. माणशी दीड भाकरी, पालेभाजी, वाटीभर उकडलेले मूग आणि ताक. वही आईच्या ताब्यात. आई चौथी शिकलेली, पण अक्षर मोत्याचं. ती प्रत्येक घास लिहून ठेवायची. जिने चढण्याचं तिने आपल्या पद्धतीने बसवलं. नुसती वर-खाली करायला पोर काय येडी आहे का, असं तिचं म्हणणं. चढायचंच आहे तर कामाने चढावं. तेव्हा आजपासून बिल्डिंगमधली देवाणघेवाण सगळी वैशूने करायची, असा हुकूम सुटला.

आता इथे आमच्या बिल्डिंगचा एक कायदा सांगायला हवा. कुणाच्या घरून वाटी आली, तर ती रिकामी परत द्यायची नाही. तळमजल्यावर कोकिलामासी राहायच्या, अस्सल सुरतच्या. त्या म्हणायच्या, "वाटकी खाली नी अपाय." पहिल्या मजल्यावर नाशिकच्या जोशीकाकू होत्या, त्यांचे यजमान बँकेत, त्यांचंही तेच मत, फक्त शुद्ध भाषेत. दुसऱ्या मजल्यावर आमच्याच गावाकडच्या सिंधूताई, त्यांचे मालक लूम चालवायचे. त्यांना तर वाटी परत देताना पातेलं द्यावंसं वाटायचं. एरवी आईही या कायद्याला जागायची. पण आता आमच्या घरात वाटीत घालायला होतं काय? उकडलेले मूग! जोशीकाकूंच्या चिरोट्यांच्या बदल्यात उकडलेले मूग पाठवणं म्हणजे आईच्या दृष्टीने घराणं बुडवणं.

मग आईने तोड काढली. घरात आलेलं गोडधोड घरात ठेवायचं नाही, आणि वाटीही रिकामी जाऊ द्यायची नाही. कोकिलामासींचे पातरे (म्हणजे अळूवड्याच) आले की ते गरमागरम जोशीकाकूंच्या वाटीत. जोशीकाकूंचे चिरोटे सिंधूताईंकडे. सिंधूताईंच्या खापरावरच्या पुरणपोळीची घडी तळमजल्यावर कोकिलामासींना. आईने कशाला बोट लावलं नाही, आप्पांनी वासही घेतला नाही. एवढं पथ्य पाळणारं घर पांडेसऱ्यापर्यंत दुसरं नसेल.

मात्र या सगळ्या वाट्यांची ने-आण करायला एकच माणूस होतं.

दार वाजवलं की कोकिलामासी आधी माझ्या तोंडाकडे बघायच्या, मग जिन्याकडे, आणि मग हातावर बाजरी-मेथीची दोन तळलेली ढेबरं ठेवायच्या. मम्मीला सांगायचं नाही, अशी डोळ्यांनीच ताकीद. जोशीकाकू म्हणायच्या, एवढंसं खाल्ल्याने काही होत नाही गं, वाढतं अंग आहे. आणि 'एवढंसं' म्हणजे रव्याचा लाडू. सिंधूताई तर मला दारात बघून गहिवरायच्या. माझ्या गालावरून हात फिरवून म्हणायच्या, "माय वो, कशी वाळी गई मनी पोर!"

(वाळून गेलेली मी तेव्हा त्रेपन्न किलोची होते.)

आता तुम्ही म्हणाल, तुला कळत नव्हतं का? कळत होतं आणि नव्हतंही. जेवण कशाला म्हणायचं हे आमच्या घरात ठरलेलं होतं. बसून, ताट समोर घेऊन, आईने वाढलेलं ते जेवण. उभ्याने, दारात, तळहातावर घेतलेलं ते नुसतं चव बघणं. मीठ बरोबर आहे का सांग, असं म्हणून दिलेलं तर मदत म्हणून खायचं असतं. आणि त्यात श्रावण लागला! दर दोन दिवसांनी कुणाकडे तरी सत्यनारायण. प्रसादाचा शिरा नाकारणं पाप, आणि प्रसाद वहीत लिहिणं त्याहून मोठं पाप. हे मी स्वतःच्या मनाने नाही ठरवलेलं, आईच म्हणायची प्रसाद मोजू नये.

अर्थात मी अगदी गरीब गाय होते असंही नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये आमच्या जिन्याला एक वळण होतं, तिथे वरूनही दिसायचं नाही आणि खालूनही. जोशीकाकूंच्या घरून पाच चिरोटे निघाले, तर आमच्या घरी चार पोचायचे. पाचव्याचं काय व्हायचं ते त्या वळणाला माहीत.

दर रविवारी सकाळी आप्पा मला लुनावर बसवून मिलमध्ये न्यायचे आणि कापडाच्या गाठी तोलायच्या मोठ्या काट्यावर उभं करायचे. त्यांचा घरच्या काट्यांवर विश्वास नव्हता. पहिल्या रविवारी बावन्न. दुसऱ्या रविवारी साडेबावन्न. आप्पांनी काटा तपासायला लावला. तिसऱ्या रविवारी त्रेपन्न. परत येताना पुलावर लुना चढेना म्हणून दोघं उतरून चालायला लागलो तेव्हा आप्पा एकदम थांबले. त्यांना उलगडा झाला होता.

पावसाळ्यात कापड हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे तोच ताका, म्हणजे कापडाचं ठाण, वजनाला जास्त भरतो, हे फोल्डिंग खात्यात बसणाऱ्या माणसाला पाठ असतं. पॉलिस्टर कमी ओढतं, सुती भरपूर ओढतं. आप्पांनी घरी येऊन आईला सांगितलं की पोरीचं वजन वाढलेलं नाही, हवेत ओल आहे. आणि मग माझ्याकडे बघून, अगदी गंभीरपणे म्हणाले, "ही सुती आहे."

पुढचे तीन रविवार पावसातच गेले, मग एका रविवारी नशिबाने ऊन पडलं. काट्यावर जायच्या आधी आप्पांनी मला गच्चीवर वाळत घातलं. हो, वाळतच! सतरंजीवर बसवून, दर पंधरा मिनिटांनी दुसऱ्या अंगावर वळायला सांगून. आई वर आली, म्हणाली बसलीच आहेस तर शेंगदाण्यांनाही ऊन दाखवू, कावळ्यांवर लक्ष ठेव. मी दोन तास डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. कावळ्यांना एकही दाणा मिळाला नाही. त्या दिवशी मी चोपन्न भरले.

मग मात्र आप्पांचा धीर सुटला. स्पर्धा आठ दिवसांवर आली होती. आम्ही तिघं डॉक्टर देसायांकडे गेलो. डॉक्टरांनी वही पहिल्या पानापासून वाचली. सकाळी अर्धी भाकरी, बिनसाखरेचा चहा. दुपारी अर्धी भाकरी, मेथी, मूग. संध्याकाळी अर्धी भाकरी, ताक. दीड महिना हेच. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघायला लागले. बाहेरचं खाते का, असं त्यांनी विचारलं तेव्हा आईला राग आला. आमची मुलगी रस्त्यावर खाऊच्या लारीवर उभी राहिलेली कुणी दाखवून द्यावी, असं ती म्हणाली. मीही छातीठोकपणे नाही म्हटलं, आणि ते खोटंही नव्हतं. मी खात होते ते सगळं घरचंच होतं, फक्त तीन वेगवेगळ्या घरांचं.

डॉक्टरांनी पुन्हा चिमटा लावला. माझा दंड दाबून बघितला, पोटरी दाबून बघितली आणि "मजबूत छे," एवढंच पुटपुटले. मग सहज म्हणून त्यांची नजर आप्पांकडे गेली आणि तिथेच थांबली. आप्पांची कॉलर मानेभोवती सैल लोंबत होती. घड्याळाचा पट्टा मनगटावरून निसटून कोपरापर्यंत जात होता. डॉक्टरांनी त्यांना काट्यावर चढवलं. शेहेचाळीस!

माझं राहिलं बाजूला. डॉक्टरांनी आप्पांची जीभ बघितली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, पाठीवर टकटक केली आणि लाल टॉनिकची मोठी बाटली लिहून दिली. माझ्यासाठी रक्ताची तपासणी. एवढं कमी खाऊन वजन वाढतंय म्हणजे गळ्याच्या ग्रंथीचा आजार असू शकतो, असं म्हणाले.

आईने दवाखान्यात वही पिशवीत टाकली. घरी येताना तळमजल्यावर कोकिलामासींनी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले, आणि आई जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर मटकन बसली आणि रडायलाच लागली. आवाज ऐकून जोशीकाकू खाली आल्या, सिंधूताई खाली आल्या. आई हुंदके देत सांगत होती की पोर चिमणीएवढं खाते, दीड भाकरी, वहीत लिहिलंय सगळं, आणि तरी फुगत चाललीय, आता ग्रंथीचा रोग निघणार, माझ्या पोरीचं कसं व्हायचं.

तिघी एकमेकींकडे बघेनात. मी भिंतीवरच्या मीटरच्या पेटीकडे अतिशय लक्षपूर्वक बघत होते.

कोकिलामासींना राहवलं नाही. त्या आईच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "बेन, रोग नी मळे. हुं एने रोज बे ढेबरां आपुं छुं."

"तुम्हीसुद्धा?" जोशीकाकू म्हणाल्या. आणि मग त्यांचा चेहरा पडला, कारण आता पुढचं सांगणं भाग होतं. लाडू बाहेर आला. सिंधूताईंनी पुरणपोळी कबूल केली, तुपासकट. प्रत्येकीला वाटत होतं, बिचारी पोर उपाशी मरतेय आणि तिला जगवणारी बिल्डिंगमध्ये आपण एकटीच आहोत! आईचं रडणं थांबलं होतं. तिने पिशवीतून वही काढली, पेन काढलं आणि जिन्यात बसूनच लिहायला घेतलं. कोण किती, दिवसातून किती वेळा, कधीपासून. ढेबरं लिहिली, लाडू लिहिले, शिरा लिहिला. पान उलटलं, परत लिहिलं. लिहिताना मधूनच मान वर करून माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यापुढे ग्रंथीचा आजार परवडला असता.

"झालं का सगळं?" शेवटी तिने विचारलं.

"एक राहिलं," आप्पा म्हणाले.

ते टॉनिकची बाटली हातात घेऊन भिंतीला टेकून उभे होते. आता ही एक गोष्ट मीही तुम्हाला अजून सांगितली नव्हती. रोज जेवताना आई गॅसकडे वळली की आप्पांच्या ताटातली भाकरी माझ्या ताटात यायची. रोज. आप्पा तेवढा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसायचे, आणि मी ती भाकरी आई वळायच्या आत संपवायची. मी एकदाही नको म्हटलं नव्हतं. आप्पांचं पोट भरलं का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"तिची वाटणी संपायची आणि ती ताटाकडे बघत बसायची," आप्पा म्हणाले. "मला नाही बघवत ते."

आईने वही मिटली. एरवी ती आप्पांशी जपून बोलायची, पण संतापली की ती थेट अहिराणीवर यायची.

"आख्खं गाव जेवनं," ती म्हणाली, "न् मना नवरा उपाशी ऱ्हायना." गाव जेवलं, आणि तिचा नवरा तेवढा उपाशी राहिला.

कुणी हसलं नाही. मी आप्पांच्या मनगटाकडे बघितलं, त्या सैल घड्याळाकडे, आणि मला इतकं रडू फुटलं की कोकिलामासी सवयीने काहीतरी खायला आणायला उठल्या. जोशीकाकूंनी त्यांना हात धरून खाली बसवलं. मला माझी शरम वाटत होती. जाडीची नव्हे, जाडीची मला तेव्हाही वाटली नाही. बापाच्या ताटातलं खाताना मला कळलं नाही, याची वाटली.

उरलेले आठ दिवस मी खरं पथ्य पाळलं. वाट्या घेऊन आई स्वतः जायला लागली. मी रोज पहाटे आप्पांबरोबर बमरोलीपर्यंत चालत जायची, येताना पळत यायची. जेवताना माझ्या ताटातली अर्धी भाकरी मी आप्पांच्या ताटात टाकायची, ते परत माझ्याकडे टाकायचे, मी परत त्यांच्याकडे. तिसऱ्या दिवशी आई दोघांच्या मध्ये बसली आणि आप्पांना तीन भाकरी, वर तुपाचा चमचा, असं सुरू केलं. तो तुपाचा चमचा बघत ताक पिणं हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पराक्रम आहे, पण त्याला कुणी पदक देत नाही.

स्पर्धेच्या सकाळी मैदानावर काटा मांडलेला. एकेक मुलगी चढत होती, पंच आकडा लिहीत होते. मी चपला काढल्या, वेणीच्या रिबिनी काढल्या, कानातलं काढलं आणि चढले.

"त्रेपन्न," पंच म्हणाले. "नाही बसत."

खऱ्या पथ्याने आठ दिवसांत एक किलो उतरला होता. दोन महिने असंच पाळलं असतं तर, असं आज लोक म्हणतात. म्हणू देत. तेव्हा मी खाली उतरून बाजूला झाले. आप्पा पुढे आले आणि पंचांना नम्रपणे म्हणाले की आपला काटा बिघडलेला दिसतो. पंच म्हणाले काटा ठीक आहे. आप्पा म्हणाले तपासून घेऊ, आणि स्वतःच चढले. तीन भाकरी आणि तूप खाऊनसुद्धा सत्तेचाळीस! पंचांनी आकडा बघितला, आप्पांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, हे बसतात.

सगळं मैदान हसलं. दुसऱ्या शाळेच्या पोरी माझ्याकडे बोट दाखवून हसत होत्या. सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, पुढच्या वर्षी बघू, आणि डावा कोपरा त्यांनी मनीषाला दिला.

आता रडायचं की काय करायचं, हे ठरवायला मला एक क्षण लागला. रडून झालं होतं, ते जिन्यात. मी चपला घातल्या आणि सरांना गाठलं.

"सर, जिथे वजनाची मर्यादा नाही असा कुठला गट आहे?"

"मोठ्या मुलींचा. नववी-दहावीच्या. अगं, त्या तुला चिरडतील."

"चिरडू देत."

सरांनी मोठ्या संघाकडे बघितलं. खरं म्हणजे त्यांचीही अडचण होती. मोठ्या गटातली एक मुलगी तापाने घरी झोपली होती आणि संघात सहाच जणी उरल्या होत्या. त्यांनी मला त्या संघापुढे नेऊन उभं केलं. कॅप्टन होती दहावीतली रेखा, माझ्याहून वीतभर उंच. तिने विचारलं, वजन किती. मी मान वर करून सांगितलं, त्रेपन्न. मनात म्हटलं, आता ही पण म्हणणार.

"बरं झालं," रेखा म्हणाली. "आमच्या सगळ्या किडकिड्या आहेत. तू कोपऱ्यात."

माझं वजन ऐकून आनंद झालेलं ते जगातलं पहिलं माणूस.

पहिलीच चढाई करायला आली ती समोरच्या संघाची सगळ्यात दांडगी पोर. लहान दिसतेय म्हणून ती सरळ माझ्याच अंगावर आली. मी खाली वाकले आणि तिचा घोटा धरला. ती मध्यरेषेकडे निघाली, मी तिच्यामागे जमिनीवरून फरफटत निघाले. गुडघे सोलले, तोंडात माती गेली, पण हात सुटला नाही. मैदानाच्या कडेला आई उभी होती. अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली, "धर तिले, सोडू नको!" आणि आप्पा, कधी आवाज न चढवणारे आप्पा, नुसतेच उड्या मारत होते. रेषा हातभर उरली असताना त्या पोरीचा दम सुटला. मग बाकीच्या सहा जणी आम्हा दोघींवर येऊन पडल्या.

सामना आम्ही तीन गुणांनी हरलो. पण चार पकडी माझ्या होत्या, आणि अट्ठेचाळीस किलोच्या आतल्या मनीषाच्या कोपऱ्यातून किती जणी निघून गेल्या ते मी सांगणार नाही, कारण ती आता माझी जाऊ आहे.

संध्याकाळी सामान आवरताना पाटील सर माझ्याजवळ आले. पुढच्या वर्षीही तुला याच गटात घेईन म्हणाले, पण एका अटीवर. "हे वजन उतरता कामा नये. एक किलोसुद्धा कमी झालेला मला चालणार नाही."

तेव्हा मला पथ्य पाळता येत नाही असं जे कोणी म्हणतात, त्यांनी नीट ऐकून ठेवावं: सरांचा हा शब्द मी आजपर्यंत एकदाही मोडलेला नाही!